दोन रकान्यांची वही

आमच्या मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. आठवडाभर खटखट ऐकून सरावलेल्या कानांना शुक्रवारची शांतता वेगळीच वाटते. आमच्या लहानपणी पुरुष मंडळी जुम्याची नमाज आटोपून, जेवण करून सिनेमाला जात. त्या दिवशी थिएटरे तुडुंब भरत. बायका आणि मुली मात्र ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या घरी जमत. आमच्या मोहल्ल्यात ते घर आमच्या खालाचे होते.

आम्ही म्हणजे आम्ही दोघी बहिणी. आमच्यात दीड वर्षाचे अंतर. शाळेत, मदरशात, खालाच्या घरी आम्हाला कुणी एकटीला पाहिलेच नाही. उर्दूत तर एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो. आम्ही तर दोघी होतो.

अब्बांनी घरात टीव्ही घेतला नव्हता. त्यांचे आठ लूम होते, त्यांतले सहा चालत. सिनेमा हा वेळेचा आणि पैशाचा नाश, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांनी कधी हराम-हलालचे भाषण दिले नाही, पण त्यांच्यासमोर सिनेमाचे नाव काढायची आमची हिंमत नव्हती. "खालाकडे शिवण शिकायला जातो," असे सांगून आम्ही निघायचो. अम्मीला खरे माहीत होते. ती एवढेच म्हणायची, "असरच्या आत परत या."

खालाकडे रिमोट खालाच्या हातात असे, आणि तिला नवे सिनेमे चालत नसत. केबलवाला दुपारी जुने सिनेमे लावायचा, ते ती बघायची. त्यामुळे आमच्या वयाच्या मुली शाहरुख आणि सलमानच्या फोटोंवरून भांडत, तेव्हा आमचे वाद दिलीपकुमार मोठे की बलराज साहनी मोठे, यावर चालत. एक थोरलीचे दैवत, दुसरे धाकटीचे. शाळेत मुली हसायच्या. "तुम्हाला आवडतात ते एक तर म्हातारे नाहीतर मेलेले," म्हणायच्या. ते खरेच होते. मधुबाला १९६९ मध्ये गेली, मीनाकुमारी १९७२ मध्ये, बलराज साहनी १९७३ मध्ये. आमचा जन्म त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी झाला.

टीव्हीवरचे आमचे आवडते एकच, फारूक शेख. २००१ मध्ये 'जी मंत्रीजी' लागायचे, नंतर 'जीना इसी का नाम है'. पाहुण्याला बोलते करून स्वतः मागे बसणारा असा माणूस आम्ही टीव्हीवर दुसरा पाहिला नाही. कुणाची चेष्टा केली तरी त्याला लागणार नाही, याची काळजी त्यांच्या डोळ्यांत दिसायची.

खालूंना 'शमा' मासिकाचा नाद होता. दिल्लीहून निघणाऱ्या या उर्दू मासिकात सिनेमाही असे आणि साहित्यही. त्यातले मुअम्मे सोडवून बक्षीस मिळवण्याचे खालूंचे स्वप्न शेवटपर्यंत पुरे झाले नाही. मासिक १९९९ च्या सुमारास बंद पडले, पण जुन्या अंकांचे गठ्ठे पलंगाखाली होते. त्या गठ्ठ्यांतून आम्हाला पहिल्यांदा कळले, की दिलीपकुमार यांचे नाव युसूफ खान.

त्या दिवशी आम्हाला काय झाले, ते आज नीट सांगता येत नाही. कुणी आपला हरवलेला नातेवाईक सापडल्यासारखे झाले. आणि युसूफ खान वाढले कुठे, तर देवळालीला, आमच्याच नाशिक जिल्ह्यात! तिथल्या बार्न्स शाळेत शिकले. मग आम्ही एक दोनशे पानी वही घेतली. मधोमध रेघ ओढली. उर्दू उजवीकडून लिहितात, म्हणून उजव्या रकान्यात घरचे नाव आणि डाव्या रकान्यात पडद्यावरचे. महजबीन बानो म्हणजे मीनाकुमारी. मुमताज जहाँ म्हणजे मधुबाला. बद्रुद्दीन काझी म्हणजे जॉनी वॉकर, जे आधी मुंबईच्या बसमध्ये कंडक्टर होते. नवाब बानो म्हणजे निम्मी. खुर्शीद अख्तर म्हणजे श्यामा. हमीद अली खान म्हणजे अजित. झकेरिया खान म्हणजे जयंत, अमजद खानचे वडील. सय्यद इश्तियाक अहमद जाफरी म्हणजे जगदीप. एकेक नाव सापडले की आम्ही दोघी एकमेकींना टाळ्या द्यायचो.

वहीच्या शेवटी एक पान नाव न बदलणाऱ्यांचे होते. सुरैया, रहमान, फारूक शेख. सगळ्यांत वर वहीदा रहमान. १९५६ च्या 'सीआयडी'च्या वेळी नाव बदलायला सांगितले, तेव्हा या मुलीने साफ नकार दिला होता. तिचे नाव आम्ही लाल शाईने लिहिले.

टीव्हीसमोर बसलो की टायटल सुरू झाल्यापासून आमचे मोजणे सुरू व्हायचे. हा आपला, ती आपली, संवाद आपल्याचे, गाणी आपल्याची. मोजणी झाली की सिनेमा बघायचा. हे सांगायला आज बरे वाटत नाही, पण तसेच होते.

या लोकांनी आम्हाला पुष्कळ दिले, हेही सांगितले पाहिजे. आमच्या मोहल्ल्याच्या बोलीत पूर्वेकडची उर्दू, दखनी आणि खानदेशी मराठी यांची खिचडी असते. शाळेतल्या उस्तादांनी छडी मारून जो 'काफ' घशातून काढायला शिकवला, तो आम्हाला दिलीपसाहेबांचे ऐकून जमला. हे मराठीत लिहिताना अक्षराखालचा नुक्ता गळून पडतो, तरी कान मात्र तो ऐकतात. बोलण्यापेक्षा कधी गप्प राहावे, हेही त्यांच्याकडूनच शिकलो. वर्गात चाळीस मुले गोंगाट करत असतात तेव्हा आवाज चढवायचा नसतो, उतरवायचा असतो, हे बी.एड.च्या पुस्तकात नंतर वाचले. आधी दिलीपसाहेबांकडे पाहिले होते.

वही अब्बांच्या हाती लागली २००३ मध्ये. ऑक्टोबर २००१ च्या दंगलीनंतर बातम्यांसाठी म्हणून घरात एक लहान टीव्ही आला होता, त्यामुळे आमची भीती थोडी मोडली होती. आम्ही वही उशीखाली विसरलो. अब्बा ती घेऊन ओट्यावर बसले होते. आम्हाला वाटले, आता फाडतील. त्यांनी शेवटपर्यंत पाने उलटली. मग विचारले, "ये हिसाब किस को देना है?"

आम्ही काहीच बोललो नाही. त्यांनी वही परत दिली. फाडली असती तर रडून मोकळ्या झालो असतो. तो प्रश्न मात्र मनात राहून गेला.

नोव्हेंबर २००४ मध्ये 'मुघल-ए-आझम' रंगीत होऊन पुन्हा थिएटरात आला. मूळ सिनेमा १९६० चा. ईदच्या आठवड्यात खालाने आम्हाला नेले. थिएटरात जाऊन पाहिलेला आमचा तो पहिला सिनेमा. अनारकलीपेक्षा आम्ही अकबर बादशहाकडेच बघत राहिलो. घरी येऊन वही उघडली, तर पृथ्वीराज कपूर कुठे लिहायचे हे कळेना. मुघल बादशहा म्हटले की साऱ्या देशाला ज्यांचा चेहरा आणि आवाज आठवतो ते पेशावरकडचे कपूर, आणि जोधाबाई झालेल्या दुर्गा खोटे तर आपल्या मराठी. तसेच 'कथा'चे झाले. १९८३ चा सई परांजपे यांचा हा सिनेमा मुंबईच्या चाळीतला. त्यात राजाराम जोशी झाले आहेत नसीरुद्दीन शाह, आणि सगळ्या चाळीला भुलवणारा बाशू म्हणजे वासुदेव झाले आहेत आमचे फारूक शेख. जोशींच्या भिडस्तपणात आम्हाला कुठेही नसीरुद्दीन शाह दिसले नाहीत. आम्ही वहीत काहीच लिहिले नाही. रकाना नव्हता.

मग २००६ साल आले. ८ सप्टेंबर, शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस. जुम्याच्या नमाजनंतर बडा कब्रस्तानच्या आवारात आणि मुशावरत चौकात बॉम्बस्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली. पुढचे कित्येक दिवस वर्तमानपत्रांत नावांच्या याद्या येत होत्या. आधी मेलेल्यांच्या, मग जखमींच्या, मग पकडलेल्यांच्या. आपलीच माणसे मेली आणि पकडलीही आपलीच मुले. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. पण त्या वर्षी यादीतले नाव वाचूनच बाहेरचा माणूस काय ते ठरवून टाकत होता. बाहेरगावी जाताना बसमध्ये शेजारच्याने गाव विचारले, की उत्तर देण्याआधी आम्ही थांबायला लागलो. गाव सांगितले की तो नाव विचारायचा. नाव सांगितले की बोलणे संपायचे.

त्याच वर्षाच्या अखेरीस अब्बा दोन नव्या लूमसाठी कर्ज मागायला गेले. कागदपत्रे पूर्ण होती. साहेबाने चहा दिला, कागद चाळले आणि पत्ता वाचून कागद परत केले. तुमच्या भागात सध्या कर्ज देत नाही, म्हणाला. अब्बांनी घरी येऊन एवढेच सांगितले आणि हात धुऊन जेवायला बसले. भिवंडीहून मामूंचा निरोप येत होता, की सगळे विकून इकडे या, इथेही लूम आहेत. अब्बा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

त्या दिवसांत एकदा आम्ही वही काढली. टायटल लागले की नावे बघून माणसे वेगळी काढायची, हेच तर आम्ही इतकी वर्षे करत होतो. बसमधला माणूसही तेच करत होता. आम्ही प्रेमाने करत होतो आणि तो भीतीने, एवढाच फरक. वही ट्रंकेच्या तळाशी गेली.

फारूक शेख २८ डिसेंबर २०१३ रोजी दुबईत गेले. थोरली तेव्हा लग्न होऊन भिवंडीला होती, धाकटी मालेगावात शिकवत होती. फोनवर आम्ही दोघी कितीतरी वेळ काही बोललो नाही. त्यांचा पहिला महत्त्वाचा सिनेमा 'गर्म हवा' आम्ही पाहिलेला नव्हता. तो सहजासहजी मिळतच नसे. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याची नवी केलेली प्रत थिएटरांत आली, आणि पुढच्या वर्षी ईदला थोरली माहेरी आली तेव्हा तिच्या नवऱ्याने ती फिल्म आणली. रात्री जेवणानंतर आम्ही लॅपटॉप लावला. अब्बा बाजूच्या तख्तावर हिशेब करत बसले होते.

सिनेमा फाळणीनंतरच्या आग्र्याचा. एम. एस. सथ्यू यांनी केलेला, इस्मत चुगताई यांच्या कथेवरचा. फारूक शेख त्यात सिकंदर, नोकरी शोधणारा धाकटा मुलगा. पण सिनेमा त्याच्या वडिलांचा आहे. सलीम मिर्झांचा जोड्यांचा कारखाना. नातेवाईक एकेक करून पाकिस्तानला जातात, आणि हे शेरवानी, टोपी, हातात काठी घेऊन त्यांना स्टेशनावर पोचवून टांग्यात बसून परत येतात. कारखान्यासाठी कर्ज मागायला जातात तेव्हा त्यांना कर्ज मिळत नाही. मुसलमान उद्या निघून गेला तर पैसे कोण देणार?

तिथे अब्बांनी पेन खाली ठेवले. त्यानंतर ते लॅपटॉपसमोर येऊन बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. आमच्यासोबत त्यांनी पाहिलेला तो पहिला सिनेमा.

सलीम मिर्झांची मुलगी जीव देते. बाप दारात येतो, बघतो. आक्रोश नाही. ते दृश्य आले तेव्हा अब्बांनी पडद्याकडे नाही, आमच्या दोघींकडे पाहिले. त्या वेळी आम्हाला माहीत नव्हते, की हे काम करणाऱ्या माणसाची स्वतःची मुलगी आदल्याच वर्षी गेली होती.

सिनेमा संपला. अब्बा म्हणाले, "ये आदमी कारखानेवाला है. कौन है? आग्रे का है?"

आम्ही सांगितले, "बलराज साहनी. रावळपिंडीचे. पंजाबी हिंदू."

अब्बांना पटेना. "हिंदू? चेहरा तर आपल्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांसारखा आहे." थोडे थांबून म्हणाले, "आपल्यासारखे दिसायचे म्हणजे आधी आपल्याकडे नीट बघावे लागते."

आम्ही त्यांना होते नव्हते ते सगळे सांगितले. 'दो बिघा जमीन'साठी, १९५३ मध्ये, या माणसाने कलकत्त्याच्या रस्त्यावर हातरिक्षा ओढण्याचा सराव केला होता. 'काबुलीवाला'मधला पठाण अब्दुल रहमान खान हेच. 'गर्म हवा'चे डबिंग संपवले आणि दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, ते गेले. सिनेमा त्यांनी पाहिलाच नाही. आणि १९७० ची भिवंडीची दंगल झाली, तेव्हा ते तिथे जाऊन मुसलमान वस्तीत राहिले होते, असे त्यांचे भाऊ भीष्म साहनी यांनी लिहिले आहे. भिवंडीचे नाव ऐकून अब्बांनी मान वर केली. म्हणाले, "ज्याला पळून जायला जागा होती तो तिथे येऊन राहिला."

मामूंकडे जाण्याचा विषय अब्बांनी त्यानंतर काढला नाही. तो सिनेमामुळे, असे आम्ही म्हणणार नाही. मोडके का होईना, पण लूम इथे होते, कब्रस्तान इथे होते. सिनेमाने माणूस गाव सोडायचा थांबत नाही. पण त्या रात्री अब्बांना आपल्यासारखा एक माणूस भेटला, हे आम्ही पाहिले.

थोरलीने ट्रंकेतून वही काढली. बलराज साहनींचे आईवडिलांनी ठेवलेले नाव युधिष्ठिर. म्हणजे त्यांचीही दोन नावे. अशोककुमार मूळचे कुमुदलाल गांगुली. संजीवकुमार मूळचे हरिहर जरीवाला. आमच्या लहानपणीच्या वहीत हे कुणीच नव्हते, कारण यांच्यासाठी आम्ही रकाना ठेवला नव्हता. आमची समजूत अशी, की नावे फक्त आपल्यालाच लपवावी लागतात. काही वेळा ते खरेही असेल, आम्ही ते नाकारत नाही. वहीदा रहमानना नकार द्यावा लागला, याचा अर्थ तशी मागणी झाली होती. पण खुद्द दिलीपसाहेबांनी आपल्या नावाची गोष्ट सांगताना सांगितले होते, की मोठी भीती होती ती वडिलांच्या माराची. पठाण बापाला पोराचे सिनेमातले काम मान्य नव्हते. १९४४ च्या 'ज्वार भाटा'च्या वेळचा युसूफ खान आपल्या अब्बांपासून लपत होता. आम्ही शिवणाच्या नावाखाली खालाकडे जात होतो तसाच.

दिलीपसाहेब ७ जुलै २०२१ रोजी गेले. शाळा बंद होत्या, वर्ग मोबाइलवर चालत होते. संध्याकाळी सहावीतल्या एका मुलाचा आवाजी निरोप आला: "टीचर, टीव्हीवर सगळे दिलीपकुमार दिलीपकुमार म्हणतात आणि दफन तर जुहूच्या कब्रस्तानात केले. ते हिंदू होते की मुसलमान?"

उत्तर तीनदा रेकॉर्ड केले आणि तीनदा पुसले. हे 'आपले' होते असे सांगायला जीभ चटकन वळत होती. शेवटी धाडले ते एवढेच: "त्यांना आईबापांनी दिलेले नाव युसूफ खान. कामाने मिळालेले नाव दिलीपकुमार. ते मुसलमान होते, आणि दोन्ही नावे त्यांचीच होती. आता तुम्ही लिहा: आपल्या घरात दोन नावे असलेले कोण आहे?"

वाटले होते, मुले पप्पू, गुड्डू, मुन्नी लिहून मोकळी होतील. बहुतेकांनी तेच लिहिले. एका मुलाने मात्र लिहिले, की माझे अब्बा नाशिकला घरे रंगवायला जातात. तिथे त्यांचे नाव राजू आहे. सुटीला घरी आल्यावर मी एकदा गमतीने 'राजू' म्हटले, तर अब्बा रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत.

त्या वाक्याखाली लाल शाईने काय लिहावे, ते सुचले नाही. रात्री भिवंडीला फोन लावून थोरलीला वाचून दाखवले. तिने पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाली, "हे वहीत लिही."

वही काढली. उजवीकडे त्या मुलाच्या अब्बांचे नाव लिहिले, डावीकडे राजू. वहीतला हा पहिलाच माणूस, ज्याला आम्ही पडद्यावर कधी पाहिलेला नाही. अब्बा तख्तावरून बघत होते. "अजून ते हिशेब चाललेच आहेत?" त्यांनी विचारले. तो निबंध त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, कागदाची नीट घडी केली आणि वहीत ठेवून दिला.